वीस नंबरचा अक्रोड

शुक्रवारी सकाळी बेल वाजली तेव्हा दयानंद परब तव्यावरचं घावन उलटत होता. आठवड्यातून एकदाच त्याच्या हाती स्वयंपाकघराचा कारभार येई, आणि त्या तासाभरात तो कुणालाही ओळख देत नसे. पण दारात तृप्ती कांबळे उभी होती. केस न विंचरलेले, छातीशी धरलेलं जाडजूड रजिस्टर. तिच्यामागे चार पावलं अंतर राखून एक ओमानी तरुणी. तिचे डोळे सुजलेले होते.

"नंदाताई आहेत?"

"आसा. बसा. घावन खातलास?"

"दयाकाका, चोरी झालीय."

दयानंदने गॅस बंद केला. घावन आता करपो की राहो, त्याची बायको पुढचे दोन दिवस घरात असून नसल्यासारखी होणार होती, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

नंदा परबने अकरा वर्षं एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासले होते. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. ओमानातल्या माबेल्याच्या मराठी घरांत पासपोर्ट गहाळ झाला, नोकरी लावणारा एजंट पळाला, भाड्याच्या घरातून कुणाचं मंगळसूत्र गेलं, की लोक पोलिसांआधी तिच्याकडे येत. ओळखपत्रावर मात्र अजूनही 'गृहिणी' असंच होतं.

"काय गेलं?" नंदाने विचारलं.

"काड्या," तृप्ती म्हणाली.

"कसल्या काड्या?"

"अक्रोडाच्या. कलमाच्या काड्या."

दयानंद मागून पुढे आला. वेंगुर्ल्याला त्याच्या घरची काजूची कलमं होती, त्यामुळे हा एक विषय असा होता की ज्यात तो बायकोच्या पुढे असे.

तृप्ती मूळची नांदेडची, इथे एका पाण्याच्या प्रकल्पावर इंजिनिअर. गेली तीन वर्षं दर सुट्टीला ती जबल अखदरच्या डोंगरावर चढत होती. वर थंडी पडते, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात अक्रोड, बदाम, डाळिंब होतात. कुणाच्या झाडाचं कवच बोटांनी फुटतं, कुणाचं उशिरा फुलतं म्हणून गारांतून वाचतं, कुणाच्या खोडाला कीड लागत नाही, हे ती लिहून घेत होती.

"एका गावात कीड न लागणारं झाड आणि शेजारच्या गावात कीड लागून झाडं मरतायत, ताई. एकमेकांना पत्ताच नाही. एकतीस झाडं नोंदवलीत मी. उद्या हारूनचाचांच्या अंगणात सगळे बागवाले जमणार आणि एकमेकांच्या झाडांच्या काड्या वाटून घेणार. फुकट. हारूनचाचांची अटच ती आहे, विकायचं काही नाही. ते स्वतः पंचवीस नंबर देतायत."

"पंचवीस म्हणजे?"

"त्यांचा कागदी, पातळ कवचाचा अक्रोड. ज्याची सगळ्या डोंगरात चर्चा आहे तो. पण कुठला नंबर कुणाचा, ते फक्त रजिस्टरमध्ये आणि ज्याच्या त्याच्या झाडावरच्या पाटीवर. जुड्यांवर नुसते आकडे, म्हणजे आधीच मारामारी नको."

"आणि पंचवीस चोरीला गेला."

"नाही ना! पंचवीस फ्रिजमध्येच आहे. वीस गेला. रजिस्टरमधलं विसाचं पानही कुणीतरी फाडलंय."

"वीस काय आहे?"

तृप्तीने मागे पाहिलं नाही. "जाड कवचाचा, लहान, किंचित कडवट. खरं सांगायचं तर तो कुणालाच नको होता. एकीला सोडून."

ती तरुणी तेव्हा पहिल्यांदा बोलली, आणि तेही मराठीत. "ते माझ्या आईचं झाड आहे. होतं."

रईसा हारूनची भाची. पुण्याला चार वर्षं शिकली होती, त्यामुळे तिच्या मराठीत सदाशिव पेठेचे 'अहो' आणि आपल्याच व्याकरणाचे गमतीदार घोटाळे दोन्ही होते. आईने लग्नानंतर सासरहून आणलेलं रोप मामाच्या शेताच्या खालच्या बांधावर लावलं होतं. आई चार वर्षांपूर्वी गेली. तीन आठवड्यांपूर्वी पाऊस झाला, वाडीला लोंढा आला आणि झाड मुळासकट उलथलं. इकडे वाडी म्हणजे सुका ओढा. इतकी वर्षं झाली, तरी वाडीला पूर आला म्हटलं की दयानंदच्या डोळ्यांसमोर आधी कौलारू घरंच वाहून जात.

"पडल्या झाडाच्या अकरा काड्या मिळाल्या," रईसा म्हणाली. "दुसरं काही नाही राहिलं. आणि ही म्हणते मीच घेतल्या."

"मी तसं म्हटलं नाही."

"विचारलंस. म्हणजे म्हटलंस."

दयानंदने न विचारता दोन घावनं आणि चहा पुढे केला. कुणी हात लावला नाही.

"पडलेलं कुणाकुणाला माहीत होतं?" नंदाने विचारलं.

"गावातल्यांना. आणि आम्हा दोघींना. खाली कुणाला बोललो नव्हतो. विषय निघाला की हिला..." तृप्ती थांबली. मग एका दमात म्हणाली, "ताई, हारूनचाचांचा सकाळी फोन होता. उद्या दुपारच्या अजानच्या आत काड्या मिळाल्या नाहीत तर जो तो आपापली जुडी परत नेणार. खलास. तीन वर्षं गेली."

"आणि अकरा काड्या?" नंदा रईसाकडे पाहत म्हणाली. "त्या किती टिकतील?"

उत्तर दयानंदने दिलं. "ओल्या फडक्यात, थंडीत टिकतत. उघड्यार ठेवल्यो तर दोन दिवसांत सुकी लाकडां."

नंदाने रजिस्टर उघडलं. पानं रईसाने लिहिली होती, अरबीत, मोत्यासारख्या अक्षरात. गावकऱ्यांना वाचता यावं म्हणून. वरच्या कोपऱ्यात फक्त झाडाचा नंबर तृप्तीने इंग्रजीत घातला होता. एकोणीसनंतर एकवीस. मधलं पान शिवणीपाशी घडी घालून सावकाश, नीट फाडलेलं.

"काल घरी कोण आलं होतं?"

"संध्याकाळी चहाला तिघं. रईसा, मत्रहचे कृष्णकांतशेठ आणि बर्क्याचे चंद्रशेखर, नर्सरीवाले. रजिस्टर ओट्यावर, काड्या फ्रिजमध्ये. शेठ कोमट पाण्यासाठी आत गेले होते, चंद्रशेखर हात धुवायला. चहा रईसाने केला."

"म्हणजे सगळ्यांना संधी होती आणि हेतू फक्त एकीला," नंदा म्हणाली. मग थंड झालेलं घावन उचलून रईसाच्या हातात दिलं. "खा गं. ज्याला हेतू इतका उघड असतो, तो पान फाडत बसत नाही. आपल्या आईचं नाव कोण फाडतं?"

---

कृष्णकांतशेठ मत्रहच्या बाजारामागच्या घरात, पणजोबांपासूनच्या जागी, उन्हात पाय सोडून बसले होते. सुकामेव्याचा त्यांचा व्यापार मुलं बघत. हातात अरबी वर्तमानपत्र, डोळ्यावर भिंग. शाळा मुलुंडला झाल्यामुळे मराठी अस्खलित.

"या या. चोर शोधताय ना? तृप्तीचा फोन आला. मला कधी पकडताय?"

"सगळा अक्रोड तुम्हालाच द्यावा म्हणून तुम्ही हारूनच्या मागे लागला होतात म्हणे," नंदा म्हणाली.

"लागलो होतो. त्याने मला डाळिंब खायला घातलं आणि हाकललं. पण बाई, मी फळ विकणारा. काडीला फळ धरायला सात-आठ वर्षं. मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. चोरायचंच तर पोतं चोरीन, काडी कशाला?"

"रजिस्टर चाळलंत काल?"

"चाळलं. सुंदर लिहिते ती पोर. एक पान तर मी दोनदा वाचलं. 'आईने लावलेलं, कडू आहे, पण आम्ही सगळे त्याच्याच सावलीत चालायला शिकलो.'" शेठनी भिंग पुसलं. "कुठल्या नंबरचं होतं कोण जाणे."

गाडीत बसल्यावर दयानंद म्हणाला, "म्हणजे ह्यांनी वीस नंबराचा पान वाचलला."

"हो."

"मग तेच असतीत."

"दया, वाचलं म्हणून तेच नव्हेत." ती पट्टा लावत म्हणाली. "यल्ला, चल बर्क्याला."

दयानंदला काहीही कळलं नाही. त्याने गाडी सुरू केली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि या दोन गोष्टी एकत्र करण्यात तो आता तरबेज होता.

---

बर्क्याला चंद्रशेखर पेडणेकर बोगनवेलीच्या कुंड्यांमधून मोबाइलवर जोरजोरात अरबी बोलत येरझारा घालत होता. शिव्यासुद्धा अस्सल. सतरा वर्षं झाली होती त्याला इथे. बंगलेवाल्यांच्या बागा लावून दिल्या, खजुराची हजारो रोपं केली.

"अर्बाबशी, मालकाशी बोलत होतो," फोन ठेवून तो म्हणाला. "अरबी अशी हवी की समोरच्याने विचारावं, बाबा रे, तू सलालाचा की सूरचा? बसा वहिनी. काय, काड्या मिळाल्या का?"

"नाही. तुम्हाला कुणाचा संशय?"

"त्या मुलीचा. दुसरं कोण घेणार तो कचरा? वीस नंबर कुणाला हवाय?" मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे असं तृप्तीच म्हणाली फोनवर."

"तुम्ही वर गेलाय कधी? डोंगरावर?"

"मी? छे! माझा पिकअप साधा. बिरकतच्या चौकीवर पोलीस फोर-बाय-फोर नसेल तर परत पाठवतात. उद्या तुमच्याच गाडीतून येईन म्हणतो. ते म्हातारबुवा एक नंबरचे हट्टी म्हणून ऐकून आहे." तो स्वतःच हसायला लागला. "मी म्हणतो, एक नंबरचे कुठले? घराचाच नंबर शून्य!"

दयानंदही हसला. विनोद बरा होता.

चंद्रशेखरच्या अंगठ्याला हिरवट प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली होती. दयानंदने ती ओळखली. कलम बांधायची पट्टी. चाकू सटकला की त्याचे वडीलही हीच गुंडाळत.

"काय बांधलास आज?" त्याने सहज विचारलं. "आमच्याकडे कलमां पावसात. हय थंडीतय चलतत?"

"जुनी जखम आहे," चंद्रशेखर म्हणाला आणि हात खिशात घातला.

कोपऱ्यात एक पत्र्याची केबिन होती, तिचा एसी जानेवारीतही घरघरत होता. दाराला कुलूप. "बियाणं," चंद्रशेखर नंदाची नजर पाहून म्हणाला.

परतताना नंदा बराच वेळ समोरच्या ट्रकच्या नंबरप्लेटकडे पाहत होती. इथल्या पाट्यांवर अरबी आणि इंग्रजी दोन्ही आकडे असतात.

"दया, तुला ते अरबी आकडे येतात वाचायला?"

"इंग्रजी आसत ना बाजूक. अठरा वर्षांत गरजच पडली नाय."

"हं," नंदा म्हणाली, आणि गालातल्या गालात असं हसली की दयानंदला उगाचच आपण काहीतरी मोठं केल्यासारखं वाटलं.

---

शनिवारी सकाळी जीपमधून चौघं वर निघाले: पुढे नवरा-बायको, मागे तृप्ती आणि चंद्रशेखर. काड्यांच्या तीस जुड्या बर्फाच्या डब्यात. रईसा आदल्या दिवशीच वर गेली होती. बिरकतच्या चौकीवर पोलिसाने गाडी पाहिली, हात हलवला. वळणं संपता संपेनात. मग हवा एकदम गार झाली आणि कड्याला लगडलेली हिरवी पायऱ्यांची शेतं दिसू लागली.

"मशिदीपासून पाचवं घर," तृप्ती म्हणाली.

दयानंदने घरं मोजली. पाचव्याच्या फाटकावर नंबर-बिंबर काही नव्हता. कुणीतरी एक निळं वेटोळं तेवढं रंगवलेलं.

आत पंधरा-वीस बागवाले चटयांवर बसले होते. कृष्णकांतशेठ मुलाच्या गाडीतून आधीच पोचून, शाल गुंडाळून, डाळिंबाचे दाणे खात होते. हारून ऐंशीचा, काठीसारखा ताठ. रईसा एकटीच भिंतीशी. कॉफी फिरली. हारूनने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि तृप्तीकडे.

"चाचा, अर्धा तास द्या," नंदा हिंदीत म्हणाली. "मला झाडं बघायचीत."

अंगणाखालीच पहिली पायरी. पानं झडलेले नऊ अक्रोड, प्रत्येक खोडावर हारूनने स्वतः रंगवलेली पत्र्याची पाटी. मधोमध एक प्रचंड झाड, दोघांच्या कवेत न मावणारं. सगळी मंडळी मागोमाग उतरली.

"आज पहिली वाटणी," नंदा म्हणाली. "प्रत्येकाने एकेका झाडाखाली उभं राहायचं. शेठ, तुम्ही ते टोकाचं घ्या. चंद्रशेखरभाऊ, तुम्ही विसाखाली उभे राहा. ज्याची चोरी झाली त्याच्याखाली कुणीतरी हवंच."

चंद्रशेखर पाट्या पाहत पुढे गेला, आणि त्या मधल्या प्रचंड झाडाखाली जाऊन उभा राहिला.

बागवाले एकमेकांकडे पाहू लागले. खाली फलजच्या पाटाची झुळझुळ चालूच होती.

"हे वीस?" नंदाने विचारलं.

"लिहिलंय की."

दयानंदने मान वाकडी करून पाटी पाहिली. आधी दोन, मग गोल पूज्य. त्यालाही वीसच दिसत होतं.

"अरे, ते पंचवीस आहे!" कृष्णकांतशेठ टोकावरून ओरडले. "वीस कुठे राहिला इथे? तो तर पडलाय म्हणे, ही मंडळी आत्ताच सांगत होती."

चंद्रशेखरचा चेहरा त्या खोडासारखा झाला.

"ओरडू नका, शेठ," नंदा म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, आणि तो मऊ झाला की दयानंदला समोरच्याची काळजी वाटे. "मला पहिल्यापासून एकच प्रश्न होता. जो कुणालाच नको तो वीस कुणी का चोरेल? मग वाटलं, चोराला तो नकोच असेल. त्याला पंचवीस हवा होता. पण मग त्याने पान का नाही वाचलं? फाडलंय घाईत नाही, सावकाश, घडी घालून. तेवढ्या वेळात चार ओळी सहज वाचून झाल्या असत्या. पहिल्या ओळीत 'आईने लावलेलं', दुसरीत 'कडू'. शेठनी तर ते दोनदा वाचलं. ज्याला वाचता येतं त्याची ही चूक होणार नाही. रईसाने तर ते लिहिलंय. उरला तो, ज्याला अरबी फडाफडा बोलता येते आणि एक अक्षर वाचता येत नाही."

"वहिनी, उगाच..."

"अरबी पाच गोल असतो, चंद्रशेखरभाऊ. आपल्या शून्यासारखा. आणि अरबी दोन आपल्या दोनाच्या वळणाचाच. इंग्रजीच वाचणारा ही पाटी बघून गोंधळला असता. आपण गोंधळत नाही, आपण ठामपणे वीस वाचतो." तिने दयानंदकडे पाहिलं. "माझ्या नवऱ्याने आत्ता वाचलाच असेल."

"वाचलंय," दयानंद प्रामाणिकपणे म्हणाला.

"पण नर्सरीत कुणी म्हणालं होतं, मी वर कधी गेलोच नाही. आणि लगेच पुढे, म्हाताऱ्याच्या घराचा नंबर शून्य. पाचवं घर आहे हे. फाटकावर निळा पाच रंगवलाय. तो पाहिल्याशिवाय आणि चुकीचा वाचल्याशिवाय हा विनोद सुचत नाही."

दयानंदला फाटकावरचं वेटोळं आठवलं. काल आपण हसलो होतो, तेही आठवलं.

"कधी आला होतात?" नंदाने विचारलं.

चंद्रशेखरने अंगठ्यावरची पट्टी चाचपली. "सप्टेंबरात," चंद्रशेखर म्हणाला. "एका गिऱ्हाइकाच्या गाडीतून. फाटकाबाहेर एकाने मूठभर दिले होते खायला, आणि लांबून झाडही दाखवलं, पाटीसकट. बोटाने दाबला तर फुटला. मी रात्रभर..." तो थांबला. "सतरा वर्षं दुसऱ्यांच्या कुंपणांना बोगनवेली लावतोय. एक झाड असं असावं की लोकांनी म्हणावं, हे पेडणेकरचं. बास. एवढंच डोक्यात घेतलं, म्हणून मूळ मालकाचं पानही फाडलं."

हारूनला रईसा हळू आवाजात सगळं अरबीत सांगत होती. सांगता सांगता ती थांबली आणि थेट चंद्रशेखरसमोर येऊन उभी राहिली.

"काड्या कुठे आहेत? फेकल्या?"

"फेकतोय कशाला? परवाच रात्री..." त्याने तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. "कलमं बांधली. शुक्रवारी सकाळपर्यंत. नऊ. दोन काड्या मोडक्या होत्या. केबिनमध्ये आहेत, एसीत. ओल्या भुशात. मला वाटलं हा कागदी आहे, म्हणून जीव ओतून बांधली. तृप्ती फोनवर म्हणाली वीस कुणालाच नको, तेव्हाही वाटलं ती खरा नंबर लपवतेय."

रईसाने ओढणीचं टोक तोंडावर धरलं.

दयानंद पुढे झाला. एवढ्या सगळ्या बुद्धीच्या कामात त्याला पहिल्यांदाच काहीतरी करण्यासारखं दिसलं. "कलमाची जीभ किती बोटां काढलास? पट्टी वरसून की खालसून?" त्याने चंद्रशेखरला दोन-चार प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि रईसाला म्हणाला, "बाय माझे, रडा नको. ह्या माणसाचो हात बरो आसा. बाकीचा काय ता सोड."

हारूनने काठी जमिनीवर आपटली. तो काय म्हणाला ते रईसाने सांगितलं. "मामा म्हणतात, नऊ रोपं जगेपर्यंत हा माणूस दर शुक्रवारी वर येईल, पाणी घालेल. गाडी नसेल तर चालत. आणि अजानला वीस मिनिटं आहेत, काड्या वाटायच्या की नाही?"

तृप्तीने डबा उघडला. पहिली जुडी हातात घेऊन ती रईसाकडे गेली. "मी विचारलं. म्हणजे म्हटलं. चुकलं माझं." रईसाने जुडी घेतली, तिचा हात धरला आणि दोघी मिळून वाटायला लागल्या.

---

मार्चच्या मध्यावर दयानंद आणि नंदा पुन्हा वर गेले. नऊपैकी सात रोपं फुटली होती, तांबूस, मुठी आवळलेली पानं. चंद्रशेखर गुडघ्यावर बसून खालच्या बांधावर सातवा खड्डा भरत होता. तृप्तीच्या नव्या पाट्यांवर आता आकडे तीन लिप्यांत होते.

रईसा विसाचं पान पुन्हा लिहीत होती. आई, कडू, सावली. शेवटच्या रकान्यात तिने जरा थांबून एक ओळ लिहिली. त्या रकान्याचं नाव होतं: कलम कोणी बांधलं.

चंद्रशेखरने मातीचे हात झटकले आणि वाकून पाहिलं. "काय लिहिलंस?"

"शिका," रईसा म्हणाली, "आणि वाचा."

पुढच्या शुक्रवारी तो वर आला तेव्हा त्याच्या खिशात पहिलीच्या मुलांचं अरबी अक्षरांचं पुस्तक होतं.